लाल धाग्याचे भोपळे

"ए! त्या बांधाला पाय लागला तर तंगड्या मोडून हातात दीन!"

दिवाळीच्या सुट्टीतलं कशिशचं बोरवाडीतलं पहिलं स्वागत हे असं झालं! एसटीतून उतरून नाथाजींच्या मळ्यात ती नुकती पोचली होती. पाठीवरची सॅकसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. बांधापलीकडे एक धिप्पाड माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता आणि तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने त्याची म्हैसच पळवली आहे.

"कोण हा?" कशिशने दबक्या आवाजात विचारलं.

"लालासाहेब. आमचा शेजारी," क्रांती म्हणाली. "हा त्येचा गोड आवाज हाय. चिडल्यावर यगळा असतोय!"

क्रांती म्हणजे नाथाजींची नात, कशिशच्याच वयाची. तिच्या मागे तिचा चुलतभाऊ ऋषिराज उभा होता. तो अकरा वर्षांचा, आणि त्याचा एक खिसा कायम चकलीने फुगलेला.

"मी काय केलं त्याचं?" कशिश फणकारली.

"काय केलंच पायजे असं थोडंच हाय?" ऋषिराज म्हणाला. "मी परवा नुसता शिंकलो, तर म्हणं माज्या बागंकडं तोंड करून शिंकू नगंस!"

कशिशला हसू आलं नाही. ती इथे गंमत करायला आलेलीच नव्हती.

तिचं घर मिरजेतलं, सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग लाकडाचा नसतो, तो असतो वाळवलेला भोपळा! भाजीचा नव्हे हं. हा भोपळा कडू जहर, जाड सालीचा आणि मोठ्या घागरीएवढा. कशिशचे आजोबा रसूलदादा ज्या बियाण्याच्या भोपळ्यांवर आयुष्यभर काम करत आले, ते बी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात राखलेलं होतं. दर वर्षी नाथाजी ते आपल्या मळ्यात लावून देत. गेल्या साली अवकाळी पावसाने अख्खं पीक शेतातच कुजलं. उरलेलं मूठभर बी यंदा सगळंच्या सगळं इथे पेरलं गेलं. घरच्या डब्यात एक दाणासुद्धा मागे राहिला नव्हता.

आणि आता नाथाजींचा फोन आला होता, 'येल माजलाय, फुलं लय येत्यात, पर धरत एकबी न्हाई!'

रसूलदादांचे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नाहीत. म्हणून त्यांनी नातीला पाठवलं. निघताना ते एवढंच म्हणाले होते, "एक तरी धरलेला भोपळा बघून ये, बेटा. हे बी गेलं तर परत कुठल्या दुकानात मिळणार नाही."

नाथाजींनी तिला वेलाजवळ नेलं. बांधाच्या कडेने वेल नुसता फोफावला होता. पण फुलांच्या मागचे चिमुकले भोपळे पिवळे पडून, आक्रसून गळत होते. नाथाजींनी एक उचलून तळहातावर ठेवला.

"बग, पोरी. आसं समदंच. पाडव्यापतोर वाट बघतो. न्हाई धरलं तर येल उपटून हरभरा टोकणार."

"पण आजोबा, मग बी?"

"आगं, रान मोकळं ठिवून कसं चालंल? मलाबी घर हाय." म्हाताऱ्याचा आवाज चिडका होता, पण तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.  पाडव्याला जेमतेम आठवडा उरला होता!

दिवस कलला तशी तिघं वेलाजवळ येऊन बसली. भोपळ्याची पांढरी फुलं एकेक करून उमलायला लागली.

"माझे दादाजी सांगतात, ह्या फुलांना अंधारातली पाखरं लागतात," कशिश म्हणाली. "ती नराच्या फुलातले परागकण मादीच्या फुलात नेतात, तेव्हा कुठे भोपळा धरतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनीही शिकवलंय. पण इथे तर एकही पाखरू दिसत नाही!"

"एक डासबी न्हाई," ऋषिराज म्हणाला. "न्हाईतर मला उचलून नेत्यात."

एवढ्यात बांधापलीकडे खटकन आवाज झाला आणि डोळे दिपले! लालासाहेबाच्या बागेत बल्बच्या माळाच माळा पेटल्या. सिमेंटच्या खांबांवर चढलेली, काटेरी हात खाली सोडलेली ती झाडं भर दुपारी दिसावीत तशी लख्ख दिसायला लागली.

"ड्रॅगन फ्रूट हाय त्ये," क्रांतीने सांगितलं. "दिवस मोठा हाय असं झाडास्नी वाटावं म्हणून रातभर बल्ब लावतोय. म्हंजे थंडीतबी फळं धरत्यात म्हणं. यंदाच चालू केलंय."

"झाडास्नी झोपूच देत न्हाई! माजी आई आन् ह्यो एकाच शाळंत शिकल्यात!" ऋषिराज म्हणाला.

 कशिशने सॅकच्या कप्प्यातून लाल रेशमी धाग्याची छोटी रिळं काढली. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली असा धागा सरकवतात. तो नीट बसला की तार नुसती टणटणत नाही, घुमायला लागते. तिच्या घरातल्या पोरांच्या खिशात तो धागा असायचाच.

"ऐका," ती म्हणाली. "ज्या फुलामागे छोटा भोपळा आहे, ते मादीचं. ज्यामागे नाही, ते नराचं. नराचं फूल तोडायचं आणि मादीच्या फुलाला आतून हलकेच लावायचं. पाखरांचं काम आपण करायचं! आणि ज्याला लावलं, त्याच्या देठाला लाल धागा. अर्ध्या वेलाला हातच लावायचा नाही. बघू काय होतं!"

"म्हंजे फुलांचं लगीन लावायचं व्हय?" ऋषिराज खूश झाला. "क्रांते, अक्षता आण! आन् जेवणावळीचं काय?"

"तुला जेवणाशिवाय दुसरं काय सुचतंय का रं?" क्रांतीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तिघांनी अंधार पडेपर्यंत लग्नं लावली! पुढच्या संध्याकाळीही तेच केलं.

आणि चार-पाच दिवसांनी काय झालं माहीत आहे? धागा नसलेले सगळे पिवळे पडले. आणि लाल धाग्याचे? लाल धाग्याचे टुमटुमीत फुगले होते! कुठे लिंबाएवढा, कुठे मुठीएवढा, अंगावर मऊ लव असलेले हिरवेगार भोपळे!

"धरले!" क्रांती किंचाळली. "आज्जाला सांगू या!"

"थांब!" कशिशने तिचा हात धरला. "वेलाला रोग नाही, हे कळलं. पण पाखरं गेली कुठे? ती आलीच नाहीत तर पुढच्या वर्षीही हेच. रोज संध्याकाळी मिरजेहून कोण येणार आहे लग्नं लावायला?"

"त्ये कावळे बग," ऋषिराज मधेच म्हणाला.

बागेच्या कोपऱ्याला, दोन्ही शेतांच्या मधल्या ओघळीवर, कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. एक खाली उतरे, चोचीत काहीतरी उचले, मान झटकून थुंकल्यासारखं टाकून देई आणि ओरडत उडून जाई.

"दसऱ्यापासनं रोज सकाळी हेच चाललंय," क्रांती म्हणाली.

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"कावळं काय सांगायची गोष्ट हाय का?"

तिघं वाकून, ज्वारीच्या आडोशाने ओघळीपाशी पोचली. आधी वास आला, ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलचा. मग कशिशने खाली पाहिलं आणि तिला भडभडून आलं.

ओघळीत पाखरांचा ढीग पडला होता. तळहाताएवढे तपकिरी पतंग, बारीक पांढरे पतंग, भुंगे, मधमाश्यासुद्धा. सगळे काळ्या तेलात चिकटून मेलेले. शेजारी एक कावळा पाय वर करून पडला होता. तेलाचा तवंग ओघळीच्या पाण्यावरून सरळ ओढ्याकडे निघाला होता, आणि त्याच ओढ्यावर नाथाजींची म्हैस पाणी पीत होती.

"म्हणजे हे सगळं इथे..."  तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात रडण्यापेक्षा रागच जास्त होता.

एवढ्यात पावलं वाजली. तिघं ज्वारीत दबली. लालासाहेब दोन्ही हातांत घमेली घेऊन आला आणि त्याने ती ओघळीत उपडी केली. फदक! आणखी एक ढीग!

"लायटीवर ही बला गोळा हुतीया नुसती," तो स्वतःशीच करवादला. "बरं झालं, खाली तेलाची घमेली ठिवली."

आणि नेमका त्याच क्षणी ऋषिराज शिंकला!

"कोण हाय रं तिकडं? टायगर! धर! धर त्येस्नी!"

टायगर म्हणजे वासराएवढं कुत्रं! तिघं जीव घेऊन पळाली. ज्वारीची पानं तोंडावर सपासप लागत होती. टायगर ऋषिराजच्या अगदी पोटरीपर्यंत पोचला, तेव्हा त्याने रडत रडत खिसा उलटा केला. चकल्या विखुरल्या. टायगर थांबला आणि चकल्या हुंगून कुरूम कुरूम खात बसला.

"माज्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं बलिदान!" ऋषिराज धापा टाकत म्हणाला.

मागून लालासाहेबाची गर्जना आली. "त्या म्हाताऱ्याला सांगा! त्येच्या रोगट येलानं माजी बाग नासवलीया! माजी बी फुलं गळायल्यात! बघतोच आता एकेकाला!"

कशिश जागच्या जागी थांबली. "ऐकलंत? त्याचीही फुलं गळतायत!"

"मग गळू देत की! लय बरं झालं!" क्रांती म्हणाली.

"अगं, त्याचं फूलही रात्रीच उमलतं ना? त्यालाही पाखरंच लागत असणार! हा माणूस स्वतःच्याच बागेचे पाहुणे घमेल्यात बुडवून मारतोय!"

मुलांकडून घमेल्यांचं ऐकून नाथाजी त्याच संध्याकाळी लालासाहेबाला समजवायला बांधावर गेले. लालासाहेबाने अर्धं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "म्हाताऱ्या, पोरांच्या नादानं मला अक्कल शिकवतोस?" असं म्हणून तो त्यांच्या पायाशी थुंकला. नाथाजी परत आले आणि न जेवता झोपले. क्रांतीने रागाने भाकरी ताटात आपटली. कशिशने मात्र त्या रात्री ठरवलं की, ह्या माणसाला सोडायचं नाही!

पाडव्याच्या सकाळी आरोळ्यांनीच जाग आली.

"करणी! करणी केलीया माज्या बागंवर!"

तिघं धावत बाहेर आली. बांधावर अर्धी बोरवाडी जमली होती. लालासाहेबाच्या पाठीवर फवारणीचा पंप होता, आणि त्यातल्या तणनाशकाचा उग्र वास लांबूनही येत होता. नाथाजी वेलापुढे आडवे उभे होते. 

"बगा, गाववाल्यांनो!" लालासाहेब ओरडत होता. "जागोजाग लाल धागं बांधल्यात! तिकडं ओघळीत कावळा मरून पडलाय! माजी फुलं गळत्यात! ह्येला करणी न्हाई तर काय म्हणायचं? बाजूला हो, म्हाताऱ्या! ह्यो येल जाळूनच टाकतो!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं तर वेलापासून चार पावलं मागे सरकले.  त्या पानांखाली दादाजींचं सगळं बी होतं. पंपाचा एक फवारा पडला की संपलं!

आणि मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. लालासाहेबाने धागे पाहिले होते, पण भीतीने तो जवळ गेलाच नव्हता. पानांखाली काय आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं!

ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. "काका, वेल रोगट आहे म्हणता ना तुम्ही?"

"व्हय! रोगट आन् करणीचा!"

"म्हणजे त्याला एकही भोपळा धरणार नाही?"

"धरणार न्हाई, लिहून घे! कसा धरंल?"

"आणि धरला तर?"

"धरला तर?" लालासाहेब खदाखदा हसला आणि गावाकडे वळला. "ही मिरजंची पोरगी मला इचारतीया! आगं, ह्या येलावर एक जिता भोपळा दाखव, तू म्हणशील त्ये करतो! समद्या गावाम्होरं सांगतो!"

"नक्की? मी म्हणेन ते?"

"लालासाहेबाचा शब्द हाय! दाखव!"

ऋषिराजने क्रांतीच्या दंडाला चिमटा काढला. क्रांतीने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. कशिश वाकली आणि तिने दोन्ही हातांनी पानं बाजूला केली.

लाल धागा. आणि त्याखाली पेरूहून मोठा, हिरवा, लव असलेला भोपळा!

"हा एक. क्रांती, तिकडचा दाखव. ऋषी, तू बांधाकडचा!"

पानं सरसर बाजूला होऊ लागली. जिथे लाल धागा, तिथे भोपळा! नाथाजी आ वासून बघत राहिले. भोपळे धरल्याचं पाडव्यालाच दाखवू म्हणून मुलांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

"आगं बया! धागा हाय तिथंच धरलाय की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"हीच आमची करणी!" कशिश मोठ्याने म्हणाली. "पाखरांचं काम आम्ही हाताने केलं आणि खूण म्हणून तंबोऱ्याचा धागा बांधला. पाखरं का येत नाहीत, ते बघायचंय? क्रांती, घमेलं आण!"

क्रांती ओघळीकडे धावली आणि भरून आणलेलं घमेलं तिने लालासाहेबाच्या पायाशी उपडं केलं. तेलकट, काळा ढीग सगळ्यांपुढे पसरला. बायकांनी नाकाला पदर लावला.

"ही पाखरं तुमच्या दिव्यांवर येतात आणि तुमच्याच घमेल्यांत मरतात. आमच्या फुलांकडे ती पोचत नाहीत, आणि तुमच्याही नाहीत! म्हणून तुमची फुलं गळतात. गेल्या वर्षी दिवे नव्हते, तेव्हा फळं धरली होती की नव्हती?"

लालासाहेबाच्या तोंडावरचा रंग उतरला. पण असा माणूस एवढ्याने गप्प बसतो होय? "पोरांच्या सांगण्यावरनं लायटी बंद करू? एवढा खर्च क्येलाय मी! निघा समदी!" असं म्हणून त्याने पंपाची नळी उचलली.

"नळी खाली ठिवा!"

आवाज गर्दीच्या मागून आला. लालासाहेबाची बायको विजयमालाकाकी हातात पाडव्याच्या ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

"आवं, समद्या गावाम्होरं शबुद दिलाय नव्हं? का त्योबी घमेल्यात बुडीवला? गेल्या सालच्या फळांच्या पाट्या म्याच भरल्या हुत्या. ती पोरगी खरं बोलतीया. आन् लायटीचं बटन माज्या घरात हाय!" मग ती कशिशकडे वळली. "बोल बाय, काय करायचं?"

"आठ रात्री दिवे बंद. घमेली कायमची बंद. आणि ओघळ साफ करायची, काकांनी स्वतः!"

"आन् माज्या चकल्या भरून द्यायच्या!" ऋषिराज ओरडला.

गावाला हसू फुटलं. लालासाहेब दात-ओठ खात सगळ्यांकडे बघत राहिला. मग पाठीवरचा पंप आदळून तो तरातरा निघून गेला. जाताना म्हणालाच, "आठ दिसांनी बगतो तुमच्याकडं!"

त्या संध्याकाळी बांधापलीकडे अंधार होता. तिघं वेलाजवळ श्वास रोखून बसली. पहिल्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी क्रांतीने कशिशचा हात करकचून दाबला. एक मोठा तपकिरी पतंग आला, एका पांढऱ्या फुलासमोर पंख भिरभिरवत अधांतरी थांबला आणि त्याने आपली लांब सोंड आत घातली. मग दुसऱ्या फुलावर गेला. मग तिसऱ्या! कशिशला गाल ओले झाल्याचं कळलंसुद्धा नाही. तिने खिशातलं धाग्याचं रीळ घट्ट मुठीत धरलं. आज धागा बांधायची गरज नव्हती.

आठ रात्री उलटल्यावर लालासाहेब बांधावर आला, तोच तिरसट चेहरा घेऊन. नाथाजी कडबा रचत होते.

"धरलं," तो म्हणाला.

"काय?"

"फूल धरलं! आता काय गावात दवंडी पिटू?" असं खेकसून तो गेला. त्या वर्षी फुलं उमलायच्या दिवसांत बल्ब पेटले नाहीत, आणि घमेली गोठ्यात पालथी पडून राहिली.

शिमग्याच्या सुट्टीत कशिश पुन्हा बोरवाडीत आली. ह्या वेळी जीप करून रसूलदादाही आले होते. नाथाजींच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, वाळलेल्या भोपळ्यांची रांग लागली होती. रसूलदादांनी एकेकावर बोटाने टकटक करून कान लावला, आणि एका भोपळ्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे मिटले.

"हाच," ते म्हणाले. "माझ्या अब्बांच्या हातचे भोपळे असेच वाजायचे."

भोपळा कापला. खुळखुळत बी परातीत सांडलं. रसूलदादांनी त्यात दोन्ही हात बुडवले आणि बराच वेळ ते बाहेरच काढले नाहीत.

"नाथाजी, ह्या पोरांनी माझं घर राखलं," शेवटी ते म्हणाले. "मी एवढी वर्षं भोपळे कापले, पण ते धरतात कसे, हे कधी वाकून बघितलं नाही."

"लय गुणाची पोरं!" नाथाजींनी तिघांच्या पाठीवर थापा मारल्या. "मी तर येल उपटायलाच बसलो हुतो!"

लालासाहेबही आला होता. बायकोने ओढून आणलं म्हणून! त्याने लाल ड्रॅगन फळांची पाटी आणि चकल्यांचा डबा दाणकन सोप्यात ठेवला आणि कुणाकडे न बघता उभा राहिला. रसूलदादांनी ओंजळभर बी कापडात बांधलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"तुमच्या बाजूच्या बांधावरही लावा, लालासाहेब."

कशिशला मुळीच पटलं नाही. "दादाजी, त्यांना? ज्यांनी फवारायला पंप आणला होता, त्यांना?"

"म्हणूनच त्यांना, बेटा. स्वतःचा वेल असला की माणूस अंधार राखतो."

कशिशने नाक मुरडलं. पण तिने खिशातून रीळ काढलं, दादाजींच्या हातातून पुरचुंडी घेतली, तिच्या तोंडाला लाल धागा घट्ट बांधला आणि ती लालासाहेबापुढे केली. तो धिप्पाड माणूस चटका बसावा तसा मागे सरकला.

"ए पोरी! आधी तो धागा सोड बगू!"

सोप्यात हशाचा गडगडाट झाला. नाथाजी हसले, विजयमालाकाकी पदराआड हसली, रसूलदादांचे तर डोळे पाण्याने भरले. कशिशने हात मागे घेतला नाही.

लालासाहेबाने एकदा सगळ्यांकडे रागाने पाहिलं. मग दोन बोटं पुढे केली आणि धाग्याला चिमटीत धरून पुरचुंडी उचलली.

"कवा लावायचं ह्ये?" त्याने विचारलं.